कागद नाही, म्हणून सुट्टी नाही?

‘तुला ऑर्डर दिलेली नाही, तू कुठे सही केलेली नाहीस, मग भरपगारी रजा कसली मागतोस?’ कापडाच्या दुकानात, हार्डवेअरच्या पेढीवर, हॉटेलच्या गल्ल्यावर हे वाक्य इतक्या ठामपणे उच्चारलं जातं की ऐकणाऱ्याला ते कायद्याचं कलमच वाटावं. मालक हे म्हणतो, मालकाचा हिशेबनीस म्हणतो, आणि ज्याच्या पगारातून खाड्याचे पैसे कापले गेले तो सेल्समनही मान खाली घालून तेच म्हणतो. हे वाक्य खोटं आहे. ते वर्षानुवर्षं खपत आलं, कारण त्याला उत्तर देण्याची वेळ येते तेव्हा कामगार एकटा असतो आणि महिनाअखेर तोंडावर आलेली असते.

करार म्हणजे कागद, ही समजूतच चुकीची आहे. 1872 चा भारतीय करार कायदा नोकरीचा करार लेखीच हवा असं म्हणत नाही. ‘उद्यापासून ये, महिन्याला पंधरा हजार देईन, सकाळी दहाला दुकान उघडायचं,’ एवढं बोलणं झालं आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामाला आला, की करार झाला. पण पगारी सुट्टीसाठी एवढाही युक्तिवाद करायची गरज नाही. ही सुट्टी मालक आणि कामगार यांच्या बोलण्यातून येत नाही. ती कायद्याने दिली आहे आणि ती केलेल्या कामावर मिळते. बारा महिने काम करून घेतल्यावर ‘लेखी काही नव्हतं’ असं म्हणणारा मालक कामाबद्दल बोलतच नाही, फक्त कागदाबद्दल बोलतो.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 सालचा आहे आणि तो त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लागू झाला. त्यात कामगाराची व्याख्या करताना नोकरीच्या अटी स्पष्ट शब्दांत ठरलेल्या असोत किंवा नुसत्या गृहीत धरलेल्या असोत, दोन्ही सारखंच मानलं आहे. हेच शब्द 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होते. ते तिथे चुकून आले नाहीत. या देशातले बहुसंख्य लोक बिनकागदाची नोकरी करतात हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. 1948 चा कारखाने कायदा तर आणखी पुढे गेला. ठेकेदारामार्फत आलेला माणूस मूळ मालकाच्या नकळत कामाला लागला असला, तरी त्या कायद्याने त्याला कामगारच मानलं.

आता 2017 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये काय आहे ते पाहा. आठवड्याची एक सुट्टी, पगारासह. वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा, पगारासह. वर्षात 240 दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी म्हणजे हक्काची रजा, जी 45 दिवसांपर्यंत साठवता येते. आणि आठ सणाच्या पगारी सुट्ट्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, शिवाय मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवलेले चार दिवस. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तर शिल्लक हक्काच्या रजेचे पैसे मिळाले पाहिजेत. नियुक्तीपत्र असलेल्यालाच हे मिळेल, असं या कलमात कुठेही म्हटलेलं नाही.

याची किंमत किती होते हे क्वचितच कोणी मांडून पाहतं. पंचवीस नोकर असलेलं एखादं मोठं कापडाचं दुकान घ्या. तिथला माणूस आठवड्याला सहा दिवस काम करतो, वर्षाला साधारण 280 दिवस भरतात. म्हणजे हक्काची रजा 14 दिवस, किरकोळ आठ, सणाच्या आठ. एकूण 30 दिवस. पगार पंधरा हजार धरला आणि तो 26 दिवसांनी भागला, तर दिवसाला 577 रुपये पडतात. तीस दिवसांचे 17,300 च्या वर होतात, म्हणजे एका महिन्याच्या पगाराहून अधिक. ‘आमच्याकडे सुट्टीची पद्धत नाही’ हे वाक्य इतकं महाग आहे, आणि त्याची किंमत दरवर्षी कामगारच मोजतो.

यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘पगारातच सगळं धरलंय.’ तसं असेल तर ताप आला म्हणून दोन दिवस घरी राहिलेल्या माणसाचा खाडा कापता कसा? रजेचे पैसे पगारात धरलेले असते तर रजेच्या दिवशी पगार कमी व्हायला नको होता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. आणि समजा कामगाराने नोकरी लागताना ‘मला रजा नको, दोनशे रुपये वाढवून द्या’ असं खरंच कबूल केलं असेल, तरी कायद्याने दिलेल्या किमान गोष्टी अशा कबुलीने मोडीत काढता येत नाहीत. कायद्याचा हेतू हाणून पाडणारा करार रद्दबातल ठरतो, हे 1872 च्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

दुसरं उत्तर जास्त चिवट आहे. ‘तो पगारी नोकर नाहीच. तो रोजंदारीवर आहे,’ किंवा ‘तो नगावर काम करतो, जितकं काम तितके पैसे, त्याला सुट्टी कसली?’ या युक्तिवादाला आपल्याच राज्यात मोठा इतिहास आहे.

नागपूरच्या एका विडी कारखान्यातल्या तीन कामगारांनी पंधरा दिवसांची रजा मागितली आणि ते कामावर आले नाहीत. मालकाने त्या दिवसांचे पैसे दिले नाहीत. कामगार वेतन प्राधिकाऱ्याकडे गेले. मालकाच्या बाजूने म्हणणं असं, की हे कामगारच नव्हेत. ते हवे तेव्हा येतात, हवे तेव्हा जातात, विड्या मोजून पैसे घेतात, मग कारखाने कायद्याची रजा त्यांना लागू कशी? वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1961 च्या निकालसंग्रहात तो निकाल आला. न्यायालयाने पाहिलं की काम कारखान्यातच करावं लागतं, हजेरी लागते, दुपारनंतर आलं तर काम मिळत नाही, आठ दिवस सलग गैरहजर राहिलं तर काढता येतं, आणि कमी प्रतीची विडी बाजूला टाकली जाते. एवढा ताबा असेल तर तो माणूस कामगारच. नगावर पैसे मिळतात म्हणून रजेचा पगार काढता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केलं नाही. मागच्या कमाईवरून सरासरी काढता येते, आणि कायद्यात तशी सोयही आहे.

पण प्रतिवाद करताना आपल्या विरुद्धचा निकाल लपवणं बरं नव्हे. त्यानंतर लगेच महाराष्ट्रातलाच आणखी एक विडी कामगाराचा खटला त्याच न्यायालयासमोर आला. प्रश्न होता अवघ्या चार दिवसांच्या रजेच्या पैशांचा. या वेळी बहुमताने उलटा निकाल दिला. त्या कामगारावर वेळेचं बंधन नव्हतं, कामाच्या पद्धतीवर देखरेख नव्हती, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, असं न्यायालय म्हणालं. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदवलं. आजही मालकांची बाजू मांडणारे लोक या निकालाकडे बोट दाखवतात.

पुढचं मात्र ते सांगत नाहीत. 1966 साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांनाही त्यात घेतलं. सिन्नर, अहमदनगर, सोलापूर इथल्या घराघरांत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईच्या हातात कुठलं नियुक्तीपत्र होतं? तिला घड्याळाचं बंधन नव्हतं, तिच्यावर मुकादम उभा नव्हता. तरीही कायद्याने तिला सुट्टीचा पगार दिला. कारखानदार या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. म्हणजे ज्या धंद्यात ‘हे कामगारच नव्हेत’ हा युक्तिवाद सगळ्यात जोरात लढवला गेला, त्याच धंद्यात तो कायद्याने संपवला. आज शिंप्याच्या दुकानातल्या कारागिराला किंवा पार्सल पोचवणाऱ्या पोराला तोच युक्तिवाद जसाच्या तसा ऐकवणाऱ्यांनी हा इतिहास वाचायला हवा.

शिंप्याचं नाव निघालंच आहे तर सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा खटलाही सांगितला पाहिजे. 1973 सालचा हा निकाल आंध्र प्रदेशच्या दुकाने कायद्याखालचा आहे. कारागीर नगावर शिवत, मशीन दुकानाचं, शिलाई नीट नसेल तर दुकानदार कपडा परत उसवून घेई. सर्वोच्च न्यायालयाने ते नोकरच ठरवले. दादरपासून लक्ष्मी रोडपर्यंत ज्या ज्या दुकानात मालकाच्या मशीनवर कारागीर बसतो, त्या प्रत्येक ठिकाणी हा निकाल लागू पडण्याजोगा आहे.

आता मालकाचा सगळ्यात भरवशाचा हुकमाचा पत्ता: ‘सिद्ध करून दाखव.’ कामगार इथेच हरतो, कारण वही मालकाची, हजेरीपत्रक मालकाचं, पगाराचं रजिस्टर मालकाचं. 240 दिवस भरल्याचा पुरावा आधी कामगाराने द्यायचा, असं न्यायालयांनी म्हटलेलंही आहे. पण 2005 साली कर्नाटकातल्या एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यवहाराचं भान ठेवलं. अशा माणसाकडे नेमणुकीचं पत्र नसणार, कमी केल्याचं पत्र नसणार, पैसे मिळाल्याची पावतीही नसणार, हे न्यायालयाने मान्य केलं. त्याने शपथेवर उभं राहून सांगावं आणि मालकाला हजेरीपत्रक, पगाराचं रजिस्टर हजर करायला लावावं. ते मालकाने दडवलं तर त्यातून काय निष्कर्ष काढायचा ते त्या त्या प्रकरणाच्या तथ्यांवरून ठरेल. नुसतं शपथपत्र पुरत नाही, हेही न्यायालयाने बजावलं. म्हणजे कागद नसला तरी दार बंद नाही, पण हात हलवत जाऊनही चालणार नाही.

आणि वेतन संहितेने, जी 2019 ची आहे आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी इतर तीन कामगार संहितांबरोबर अमलात आली, या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. वेतन दिलं नाही, कमी दिलं किंवा बेकायदा कापलं असा दावा दाखल झाला, तर ते देणं दिलं आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. ‘सिद्ध करून दाखव’ हे वाक्य आता दोन्ही बाजूंना लागू होतं. त्यात काळही कामगाराच्या मदतीला आला आहे. पूर्वी पगार रोख पाकिटात मिळायचा, आता अनेकांचा यूपीआयवर येतो आणि प्रत्येक महिन्याची तारीख बँकेच्या उताऱ्यात राहते. दुकानाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘उद्या कोण लवकर येणार’ असा मालकाचा निरोप असतो, बिलावर सेल्समनचा क्रमांक असतो, ईएसआयचं कार्ड असतं, बाजूच्या काउंटरवरचा सोबती असतो. हे सगळे पुरावेच आहेत.

‘अरे, आम्ही याला घरच्यासारखं वागवतो,’ हा आक्षेप मनाला लागणारा आहे, आणि बरेच मालक तो मनापासून घेतात हेही खरं. बहिणीच्या लग्नाला उचल देतात, आजारपणात दवाखान्यात नेतात. या माणुसकीला मी कमी लेखत नाही. पण उचल पगारातून वळती होते, आणि ती द्यायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर असतं. हक्काच्या सुट्टीसाठी कोणाचा मूड पाहावा लागत नाही. शिवाय घरच्या माणसाने दोन दिवस विश्रांती घेतली तर त्याच्या ताटातली भाकरी कोणी कमी करत नाही. ज्याला घरचा म्हणायचं त्याचा खाडा कापायचा, हे घरपण मला मान्य नाही.

परवडत नाही, या तक्रारीचं उत्तर आकड्यांतच आहे. वर्षाला तीस दिवसांचा खर्च दुकान उघडण्याआधीच माहीत असतो, भाड्यासारखा, विजेसारखा. जो तो देत नाही, तो शेजारच्या देणाऱ्या दुकानदाराशी बेइमानीची स्पर्धा करतो. नियम पाळणाऱ्या व्यापाऱ्यांनी तरी या मुद्द्यावर कामगारांच्या बाजूने बोलायला हवं.

आपल्या बाजूच्या लोकांशीही माझा वाद आहे. अनेक कार्यकर्ते कामगाराला सांगतात, ‘आधी नियुक्तीपत्र मिळव, मग रजेचं बघू.’ हेतू चांगला आहे, पण सल्ला घातक आहे. यातून कामगाराच्या मनात तीच समजूत पक्की होते, की हक्क कागदातून येतो. आणि कागद तर मालकाच्या हातात आहे! व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं आहे, आधीपासून कामावर असलेल्यांना तीन महिन्यांच्या आत. त्याच संहितेत पगारी रजेसाठीची 240 दिवसांची अट 180 वर आणली आहे. नियुक्तीपत्र न देणं ही मालकाची कसूर आहे. आपल्या कसुरीचा फायदा आपल्यालाच मिळावा, असं कुठलंही न्याय्य राज्य मान्य करत नाही. पत्र मागाच, पण रजेचा पगार त्या पत्रावर अडवू देऊ नका. दोन मागण्या वेगळ्या अर्जांत, एकाच दिवशी द्या.

खरी भोकं वेगळीकडे आहेत, आणि कागदाच्या चर्चेत ती झाकली जातात. 2017 च्या दुकाने कायद्याने दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांना फक्त ऑनलाइन सूचना देण्याच्या बंधनात ठेवलं; रजेची कलमं त्यांना लागू केली नाहीत. 2025 च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्याला मंजुरी दिली. केंद्राच्या संहितेत सर्वसाधारण मर्यादा दहाची आहे. पाच नोकरांचं किराणा दुकान, तीन पोरांची चहाची टपरी, सात जणांचं गॅरेज, इथला माणूस कागद असून आणि नसूनही बाहेरच राहतो. 1948 च्या जुन्या मुंबई दुकाने कायद्यात ही दहाची चाळणी नव्हती. छोट्या दुकानातल्या नोकराचे पाय मोठ्या दुकानातल्यापेक्षा कमी दुखतात का? लढायचं असेल तर या आकड्याशी लढलं पाहिजे.

घरकामगार बायका तर या सगळ्या कायद्यांच्या उंबरठ्याबाहेर आहेत. महाराष्ट्राने 2008 साली त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्यातून पगारी सुट्टीचा हक्क मिळाला नाही. तो मिळवायला त्याआधीच, 1980 साली, पुण्यात मोलकरणींना संप करावा लागला होता. त्यातून संघटना उभी राहिली आणि महिन्याच्या पगारी सुट्ट्या, दिवाळीला एका पगाराचा बोनस या गोष्टी शहराच्या रिवाजात आल्या. त्या बायकांपैकी कोणाकडेही करारपत्र नव्हतं. ‘महिन्याला दोन सुट्ट्या’ असं घरमालकिणीने तोंडाने कबूल केलं असेल, तर तो करारच आहे, आणि तिसऱ्या महिन्यात तो मोडण्याचा तिला अधिकार नाही. कायद्याने बाहेर ठेवलेल्या बायकांनी एकजुटीने जे कमावलं, ते कायद्याने आत घेतलेल्या दुकान कामगाराला मागतासुद्धा येऊ नये, याचा मला राग येतो.

तेव्हा ज्यांच्या दुकानात, हॉटेलात, कारखान्यात पुरेसे नोकर आहेत आणि तरीही ज्यांना पगारी रजा मिळत नाही, त्यांनी आज एक काम करावं. कामाला लागल्याची तारीख, दर महिन्याला मिळालेली रक्कम, कापलेल्या खाड्यांचे दिवस एका वहीत लिहून काढावेत आणि बँकेचा उतारा त्यासोबत ठेवावा. रजेच्या पगाराचा अर्ज दोन प्रतींत लिहावा, एकीवर दुकानाची पोच घ्यावी. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. उत्तर आलं नाही, तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांकडे जावं, शक्य असेल तर दोन-चार सोबत्यांना घेऊन. तीन वर्षांच्या मुदतीतला प्रत्येक गेलेला महिना मागणीतून कमी होत जातो.